बदली खेळाडू कोण?

वाचकहो, आपल्या घरी अंथरुणाला खिळलेले किंवा स्मृतिभ्रंश झालेले कोणी ज्येष्ठ असतील, तर त्यांची साखर, रक्तदाब, औषधांच्या वेळा हे सारे आपल्याला तोंडपाठ असेल. त्यांची शुश्रूषा जी व्यक्ती करते, तिचा रक्तदाब शेवटचा केव्हा मोजला गेला, हे मात्र जरा आठवून पाहा. माझा अनुभव असा, की पुष्कळ घरांत या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

हिंजवडीत मी दवाखाना चालवते. परिसरात महाविद्यालयीन बास्केटबॉलचे सामने असले, की प्रथमोपचारासाठी मैदानालगत बसण्याचे काम अधूनमधून माझ्याकडे येते. मुरगळलेले घोटे आणि दुखावलेली बोटे सोडली, तर तेथे डॉक्टरला फारसे काम नसते. त्यामुळे खेळ निवांतपणे पाहता येतो.

आपल्या पुणे विद्यापीठात महाविद्यालये प्रथम आपापल्या विभागात खेळतात. त्यानंतर पुणे शहर, पुणे जिल्हा, नगर आणि नाशिक या विभागांचे संघ आंतरविभागीय स्पर्धेत भेटतात. त्यांतून निवडलेला विद्यापीठाचा संघ पुढे पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. अशा स्पर्धांत थोड्या दिवसांत अनेक सामने होतात आणि थकवा साचत जातो. म्हणूनच या खेळाचे दोन नियम मला फार मोलाचे वाटतात.

पहिला नियम बदली खेळाडूचा. संघात बारा जण असले, तरी मैदानावर पाचच असतात. बाकीचे बाकावर बसून वाट पाहतात. फुटबॉलच्या मोठ्या सामन्यांत एकदा बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येत नाही. बास्केटबॉलमध्ये मात्र दम खाऊन, पाणी पिऊन तो कितीही वेळा परत येऊ शकतो. बाहेर बसणे हा तेथे पराभव मानला जात नाही. दुसरा नियम विश्रांतीच्या मिनिटाचा, म्हणजे ‘टाइम-आउट’चा. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तो खेळाडूने मागायचा नसतो. प्रशिक्षक किंवा त्याचा सहायक तो मागतो. धावणाऱ्याला स्वतःचा थकवा कळेलच असे नाही. बाहेरून पाहणाऱ्याला तो दिसतो.

अमेरिकेत विद्यापीठांचे गट असतात आणि प्रत्येक गटाची स्वतंत्र अजिंक्यपद स्पर्धा होते. २०११ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कनेक्टिकट विद्यापीठाच्या संघाने ‘बिग ईस्ट’ गटाची स्पर्धा पाच दिवसांत पाच सामने जिंकून आपलीशी केली. त्यात केंबा वॉकर या एकट्या खेळाडूने १३० गुण मिळवले. एकाच्या खांद्यावर एवढा भार पेलला गेला, हे खरे. परंतु ते पाच दिवस होते आणि सहाव्या दिवशी सामना नव्हता. पक्षाघात झालेल्या माणसाच्या शुश्रूषेला असा शेवटचा दिवस ठरलेला नसतो. ती पाच वर्षेही चालते, दहा वर्षेही चालते.

आमच्या हिंजवडीत मूळ गावकऱ्यांची भावकी मोठी आहे. म्हातोबाच्या उत्सवाला ती एकदिलाने उभी राहते. शेजारच्या उंच इमारतींत लातूर, जळगाव, साताऱ्याहून मुलांकडे राहायला आलेले आईवडील आहेत. दोन्हीकडे मी एकच चित्र पाहते: भेटीला येणारे दहा, रात्री उठणारी व्यक्ती एक.

सासूबाईंच्या औषधांसाठी चार वर्षे नियमाने येणाऱ्या एका गृहिणीचा रक्तदाब मी आग्रहाने मोजला. तो १८०/११० भरला. तिच्या स्वतःच्या गोळ्या संपून तीन आठवडे झाले होते. धाकट्या दिरांना रविवारी बोलवा, असे मी सुचवले. ती म्हणाली, “डॉक्टर, त्यांना नाही जमायचं. आई माझ्याशिवाय कुणाच्या हातून जेवत नाहीत.” शेवटी मी दिरांनाच दवाखान्यात बोलावून सारे समजावून दिले. पहिल्या रविवारी सासूबाईंनी अर्धाच मऊ भात खाल्ला. चौथ्या रविवारी पुरता खाल्ला. सुनेने गोळ्या पुन्हा सुरू केल्या, रविवारची झोप मिळू लागली आणि दोन महिन्यांत तिचा रक्तदाब आटोक्यात आला.

बदली खेळाडूला तयार करावे लागते. एका कागदावर औषधांची नावे आणि वेळा, डॉक्टरांचा दूरध्वनी, कोणते अन्न गिळताना ठसका लागतो, ते लिहून भिंतीवर लावा. बसवून भरवणे, कूस दर दोन तासांनी बदलणे, पाठीवर आणि माकडहाडाशी लाली आली आहे का ते पाहणे, या गोष्टी आपल्यासमोर दोनदा करवून घ्या. मगच घराबाहेर पडा.

घरातील इतरांनी प्रशिक्षकाची नजर ठेवावी. शुश्रूषा करणारी व्यक्ती लहानसहान कारणाने चिडते, रडते, रात्री वेळ असूनही झोपत नाही, स्वतःची औषधे विसरते, तर तिने मागण्याची वाट न पाहता तिला विश्रांती द्या. घरात दुसरे कोणीच नसेल, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या १४५६७ या मदतवाहिनीवर मार्गदर्शन मिळते. मन फारच खचले असेल, तर १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर बोलता येते.

आणि ज्येष्ठ वाचकहो, एक विनंती आपल्यालाही. ‘मला तिच्याच हातचे हवे’ या म्हणण्यात माया असते, हे मी जाणते. पण त्या हातांनाही विसावा हवा. मुलाने, जावयाने, नातवाने भरवलेला घास थोडा सांडेल. तो गोड मानून घ्या. येत्या रविवारी कोण येणार, हे आजच घरात बसून ठरवा आणि ते नाव कॅलेंडरवर लिहून ठेवा.