डोके माझे, हुकूम बाबांचा

"कानावर थोडे राहू द्या हो काका," असे बसण्यापूर्वीच मी तीनदा बजावले होते. अमरावतीला राजकमल चौकात पोरांचे केस पाहून आलो होतो ना! काकांनी मान डोलावली, पाण्याचा हबका मारला आणि मशीन थेट कानशिलावरून फिरवले. आरशात पाहतो तो मी पुन्हा चौथीतला!

"काका, हे काय केलं?"

"तुह्या बापानं सांगतलं, बारीक कर म्हणून. जवारी थो देते, तू नाही."

यावर काय बोलणार? सुगीला आमच्या घरून त्यांच्याकडे अजून ज्वारी जाते.

पुढे वर्गात सरांनी १८९० सालची हकिकत सांगितली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करायचे नाही असे ठरवले. तिथेही सांगणारे घरचे कर्ते, डोके मात्र त्या बाईचे. तिला विचारतो कोण? शेवटी 'नाही' म्हणाला तो वस्तरा धरणारा हात! माझे केस तर महिन्यात वाढतील. तक्रार करायची लाजच वाटली.

तरी पुढच्या खेपेसाठी अकोल्याच्या मामांनी दिलेली शंभराची नोट वहीत जपून ठेवली आहे. बाबांना अजून सांगितलेले नाही.