भिंतीवर न चढणारी पाल

एमएससीच्या प्रबंधासाठी मुंबईतल्या आरेच्या जंगलातल्या पालींवर काम करायचं मी ठरवलं, तेव्हा आई म्हणाली, "पाली बघायला जंगलात कशाला जायला हवं? आपल्या जिन्यात काय कमी आहेत?" तिचं खरंच होतं. मरोळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दिवे लागले की ट्यूबलाइटभोवती किडे जमतात आणि किड्यांमागे पाली. एखादा दांडगा नर दिव्याजवळची मोक्याची जागा धरून बसतो आणि दुसरी पाल जवळ आली की चुकचुकतो. त्यात शकुन-अपशकुन काही नसतो, तो आपली हद्द राखत असतो. या पाली विषारीही नसतात. भारतातली एकही पाल विषारी नाही, हे मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगत आले आहे.

पण मला बघायची होती ती पाल भिंतीवर राहतच नाही. सिर्टोडॅक्टिलस वरदगिरी हे तिचं शास्त्रीय नाव. ईशान अगरवाल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ती वेगळी प्रजाती असल्याचं दाखवून दिलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत अनेक वर्षं सरपटणाऱ्या प्राण्यांवर काम केलेल्या वरद गिरी यांचं नाव तिला मिळालं. तोवर तिला दक्षिणेतल्या तिच्यासारख्याच दिसणाऱ्या एका पालीत मोजत असत. त्या संशोधकांत झीशान मिर्झा होते. त्यांनी आणि राजेश सानप यांनी २०१० मध्ये इथल्या एका नव्या विंचवाला आरेचंच नाव दिलं होतं. आमच्या घरापासून रिक्षाने जेमतेम पंधरा मिनिटांवर विज्ञानाला ठाऊक नसलेले जीव नांदत होते, हे वाचून मी हरखून गेले. विषय तिथेच पक्का झाला.

रात्री आरेत एकटीने फिरणं शक्य नव्हतं. बिबट्यांचा वावर आहे, शिवाय पाचोळ्यात घोणस असते. परवानगीचं पत्र मिळाल्यावर एका पाड्यावरचे वारली काका सोबत यायला तयार झाले. त्यांचा नियम एकच. "पोरी, आधी बॅटरी, मग पाय." पहिला पाऊस पडून गेला होता, ऐनाची आणि पळसाची पानं खाली ओली, वर वाळलेली होती. काका एकाएकी थांबले आणि बॅटरीचा झोत खाली आणला. मला नुसती पानंच दिसत होती. मग त्यातला एक तपकिरी तुकडा चार पायांवर उठला आणि सावकाश चालू लागला.

बोटाएवढीच असेल. अंगावर गडद डाग, आखूड शेपूट आणि पापणी नसलेले मोठे डोळे. आमच्याकडे बघता बघता तिने जीभ बाहेर काढून डोळा पुसला. पालींना डोळे असेच साफ ठेवावे लागतात. मोजमापासाठी हातात घेऊन मी तिच्या पायाखाली भिंग धरलं. घरातल्या पालीची बोटं टोकाशी रुंद असतात आणि त्यांच्या खाली आडव्या पट्ट्या असतात. त्या पट्ट्यांवर डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म केस असतात. टोके गेको या मोठ्या पालीच्या एकेका पायावर असे सुमारे पाच लाख केस असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला शेकडो फाटे. इतक्या फाट्यांचा पृष्ठभागाशी संपर्क आला की रेणूंमधलं एरवी नगण्य असलेलं आकर्षणही पालीला काचेवर पेलून धरतं. त्यात ना गोंद असतो, ना चोषण. या पालीच्या पायाखाली तसं काहीच नव्हतं. सडपातळ बोटं आणि टोकाला नखं, एवढंच. पाचोळ्यात चालायला ती पुरतात.

त्या पाचोळ्यात काय काय असतं ते मी गुडघे टेकून वहीत टिपत असे: वाळवी, कोळी, रानझुरळं, गोमा. वरचं पान तापलेलं असलं तरी चार थर खाली ओल आणि गारवा असतो. या पालीचं खाणं, लपणं सारं तिथेच. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत दोन हजारांवर झाडं तोडली गेली. तेव्हा सगळा वाद झाडांच्या आकड्यांवर झाला. त्या झाडांखालच्या पाचोळ्याचा हिशेब कुणी मांडल्याचं माझ्या तरी वाचनात आलं नाही. नवी रोपं लावता येतात, पण वर्षानुवर्षं कुजत, साचत आलेला असा थर टेम्पोतून आणून पसरता येत नाही. आणि आपल्या सोसायट्यांमध्ये तर पाचोळा म्हणजे कचरा. झाडाखालची जमीन रोज सकाळी खराट्याने लख्ख केली जाते, त्याला आपण स्वच्छता म्हणतो. मला आता ते बघवत नाही.

मागच्या पावसाळ्यात आरेच्या आतल्या एका रस्त्याकडेला सिमेंटचं नवं गटार झालं. उभ्या, गुळगुळीत भिंतींचं, माझ्या गुडघ्याएवढं खोल. एका रात्री त्यात याच जातीची एक पाल दिसली. भिंतीला पुढचे पाय टेकवायची, अंग उचलायची, घसरायची, दोन वीत पुढे जाऊन पुन्हा तेच. आमच्या जिन्यातली पाल असती तर क्षणात वर आली असती. मी तिला उचलून पलीकडच्या पानांत सोडलं, तोवर काकांनी ऐनाची एक जाडसर वाळकी फांदी आणून गटारात तिरकी टाकली. "रोज रात्री तू थोडीच येणार उचलायला," ते म्हणाले.

तेव्हापासून आम्ही त्या गटारात ठिकठिकाणी फांद्या टाकतो. जोराचा पाऊस आला की त्या वाहून जातात आणि पुलाखाली अडकतात. पाऊस ओसरला की काका त्या ओढून काढतात आणि आम्ही परत लावतो.