वहीतील वेळापत्रक

सूचनाफलकावरील वेळापत्रक वहीत उतरून घेण्यास पाच मिनिटे पुरतात. मग तासातासाला फलकापाशी गर्दी करण्याचे कारण उरत नाही. परंतु मुख्याध्यापकांनी मध्येच गुरुवारचा भूगोल शुक्रवारी नेला, की वहीतले अक्षर सुवाच्य राहते, खरे मात्र राहत नाही. वहीला तर त्याचा पत्ताही नसतो. संगणकांच्या जाळ्यातही हीच अडचण आहे, हे आम्हांस कळले तेव्हा त्या यंत्रांविषयी प्रथमच आपुलकी वाटली.

अशा जाळ्यात सर्वांच्या फाइली एका मुख्य संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवतात व इतर यंत्रे त्या तारेवरून मागवितात. ओळीओळीसाठी मागणी करीत बसल्यास तारही थकेल आणि सर्व्हरही. म्हणून यंत्र एकदा आणलेला मजकूर स्वतःपाशी राखून ठेवते. या साठ्यास 'कॅश' म्हणतात. नाव ऐकून आमच्या वर्गातील एकाने तिजोरीची चौकशी केली. परंतु या शब्दाचे मूळ 'लपविणे' अशा अर्थाच्या फ्रेंच क्रियापदात आहे.

आता प्रत शिळी झाली हे कळावे कसे? सन मायक्रोसिस्टिम्सच्या, १९८४ च्या सुमारास सिद्ध झालेल्या 'एनएफएस' पद्धतीत यंत्र ठरावीक वेळाने फलक पाहून येते. लिनक्सवर ही मुदत सामान्यतः ३ ते ६० सेकंद असते. तेवढ्या अवधीत शिळे ते ताजे म्हणून वाचले जाण्याचा संभव राहतोच.

अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८२ मध्ये आयबीएमच्या साहाय्याने 'अँड्र्यू' प्रकल्प सुरू झाला. अँड्र्यू कार्नेगी व अँड्र्यू मेलन हे दोघेही अँड्र्यूच, म्हणून हे नाव. त्यातील फाइल-व्यवस्थेच्या शिल्पकारांत मद्रासच्या आयआयटीत शिकलेले महादेव सत्यनारायणन् प्रमुख होते. तेथे यंत्र संपूर्ण फाइलच आपल्या डिस्कवर आणून ठेवी, पण प्रारंभी ती उघडताना दर वेळी सर्व्हरला विचारी, "माझी प्रत ताजी आहे ना?" मोजणी केली तेव्हा सर्व्हरकडे येणाऱ्या विनंत्यांपैकी सुमारे ६० टक्के याच प्रश्नाच्या निघाल्या, आणि प्रत्यक्ष फाइल मागणाऱ्या अवघ्या ४ टक्के! पुढच्या आवृत्तीत प्रथा उलटविली. सर्व्हरने वचन दिले : तुम्ही विचारू नका, फाइल बदलली तर मीच कळवीन. या वचनाला 'कॉलबॅक' म्हणतात. मुलांनी कार्यालयात खेटे घालण्याऐवजी शिपायाने वर्गात सूचना आणावी, तसे हे झाले. पूर्वी एक सर्व्हर सुमारे २० यंत्रांना पुरे, तो आता ५० यंत्रांना पुरू लागला. वचनाचा भार मात्र सर्व्हरवर आला : कोणाकोणाला शब्द दिला आहे, हे त्याने स्मरणात ठेवले पाहिजे.

आणि दोघांनी एकाच वेळी एकच फाइल बदलली तर? या व्यवस्थेत जो शेवटी बंद करील त्याची प्रत टिकते. हा नियम आम्हांस फार निष्ठुर वाटतो. गतवर्षी याच वार्षिकाच्या कामात अशाच प्रकारे एका विद्यार्थिनीने दोन दिवस खपून केलेली कवितेची शुद्धी दुसऱ्या यंत्रावरून आलेल्या जुन्या प्रतीखाली गडप झाली. ती काही बोलली नाही. नुसती पडद्याकडे पाहत राहिली.

कार्नेगी मेलनमध्येच १९८७ साली आरंभिलेल्या 'कोडा' व्यवस्थेत निराळा विचार दिसतो. नदीला पूर आला, फेरीबोट बंद पडली, तरी पलीकडच्या मुलाने आपल्या वहीवरून अभ्यास चालू ठेवावा, त्याप्रमाणे तार तुटली तरी यंत्र जवळच्या प्रतीवर काम करू देते आणि केलेल्या बदलांची नोंद ठेवते. संपर्क येताच ती नोंद सर्व्हरकडे जाते. तोवर अन्य कोणी तीच फाइल बदलली असल्यास यंत्र परस्पर निवाडा करीत नाही. तंटा दाखवून देते, आणि दोन्ही प्रती माणसापुढे येतात. आमच्या विद्यार्थिनीच्या कवितेच्या अशा दोन प्रती हाती आल्या असत्या, तर ऱ्हस्वदीर्घ ताडून पाहण्यास आम्ही आनंदाने रात्र जागलो असतो.