गव्हावाचून एक ताट

धर्मगुरूने हॉटेलांविषयी लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. आम्हांलाही वाटते. सेमिनरीच्या भोजनगृहात घंटा झाली की पानात पडेल ते निमूटपणे खायचे, या शिस्तीत आमची उमेदीची वर्षे गेली. चवीविषयी मत असणे हेच त्या काळी थोडेसे पाप वाटे. गोरेगावहून सुटीच्या दिवशी शहरात उतरलो तर धोबी तलावावर एखाद्या इराण्याकडे चहा आणि मस्कापाव, एवढीच आमची चैन. १९०४ सालापासून चालत आलेल्या कयानीच्या खुर्च्यांवर बसून पावाचा तुकडा चहात बुडवताना, या पावात काय काय आहे, असा प्रश्न आमच्या मनात कधी आला नाही. पाव म्हणजे पाव.

तो प्रश्न आम्हांला वयाची पन्नाशी उलटल्यावर एका आठ वर्षांच्या मुलीने शिकवला.

शहापूर-मुरबाड भागातील आमच्या धर्मग्रामातले एक शिक्षक दांपत्य आहे. त्यांची ही मुलगी. दोन वर्षे तिचे पोट फुगलेले, हातपाय काडीसारखे, वजनाचा काटा जागचा हलत नव्हता. जंतांची औषधे झाली, टॉनिके झाली, नवसही झाले. शेवटी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात रक्ततपासणी झाली, दुर्बिणीने आतड्याचा कण काढून पाहिला आणि निदान हाती आले : सीलिअ‍ॅक. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळताना तिला जो चिवटपणा येतो तो याच्यामुळे. हे प्रथिन पोटात गेले की अशा रुग्णाचे शरीर स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर उलटते. यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. जन्मभर ते धान्य वर्ज्य करणे, हाच उपचार.

हा गव्हाचा दोष आहे हे जगाला कसे उमगले, ती कथा आम्हांला फार हलवून गेली. विलेम डिके नावाचे हॉलंडमधील एक बालरोगतज्ज्ञ होते. गव्हाविषयीचा संशय त्यांना आधीपासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धामुळे तो देश उपाशी असताना, इस्पितळातील पाव संपला. आणि इतर लेकरे खंगत असताना ही आजारी मुले मात्र सुधारू लागली. पुढे पाव आला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी १९५० मध्ये आपल्या प्रबंधात हे सारे मांडले. एकाच्या जगण्याचा आधार दुसऱ्याला विष होऊ शकतो, हे त्या उपासमारीने दाखवून दिले.

घरी तसे काही अडले नाही. आमचा मुलूख भाताचा. तांदळाची भाकरी, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतली नागली आणि वरी. यांत ग्लुटेनचा लवलेशही नाही. आईने गव्हाचा डबाच घरातून हद्दपार केला, जाते-परात वेगळी केली आणि सहा महिन्यांत मुलीच्या गालांवर रंग आला. अडचण उभी राहिली ती उंबऱ्याबाहेर. दर काही महिन्यांनी इस्पितळात दाखवायला जायचे, म्हणजे आसनगावहून दादरपर्यंत लोकलने दोन तासांच्या आसपास, पुढे रांगेत अर्धा दिवस आणि तेवढाच परतीचा प्रवास. दादरला उतरले की वडापावाचा वास, फ्रँकीचा वास, नानकटाईचा वास. लहान भाऊ खायचा आणि ही आईच्या डब्यातली गार भाकरी घेऊन फलाटाच्या बाकावर पाठ फिरवून बसायची. एका रविवारी मिस्सेनंतर ती आमच्याजवळ आली आणि म्हणाली, "फादर, मला पण हॉटेलात बसायचंय. सगळ्यांसारखं. टेबलावर."

बैठकांच्या निमित्ताने आम्हांला मुंबईस जावेच लागते. मग प्रत्येक खेपेला तास-दोन तास राखून आम्ही ही चौकशी आरंभली. झगा घातलेला मनुष्य मुदपाकखान्याच्या दाराशी उभा राहून "यात मैदा आहे का?" असे विचारतो, तेव्हा वेटर मंडळींच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात ते पाहण्यासारखे असतात. एकाने आम्हांला अन्न-निरीक्षकच समजून चहा फुकट देऊ केला. दुसरा म्हणाला, "मैदा नाही, साहेब, फक्त रवा आहे." रवा गव्हाचाच असतो, हे त्याच्या गावी नव्हते. खरे सांगायचे तर काही महिन्यांपूर्वी आमच्याही नव्हते.

पहिली मोठी चूक आमचीच. पश्चिम उपनगरातल्या एका चकचकीत कॅफेच्या फळ्यावर खडूने लिहिले होते : ग्लुटेन फ्री केक. बदामाच्या पिठाचा. आम्ही हरखून गेलो आणि पुढच्या खेपेला त्या कुटुंबाला तिथे घेऊन गेलो. मुलगी टेबलावर बसली, काट्याने केक खाल्ला, राणीसारखी. गाडीने कल्याण सोडले आणि तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. पुढचे दोन दिवस ती अंथरुणात होती. मागाहून आम्ही एकटेच त्या कॅफेत गेलो आणि नीट पाहिले. केक बदामाचाच होता. पण कापायची सुरी एकच, फळी एकच आणि शेजारी मैद्याचे चार केक. कायद्याने ग्लुटेनमुक्त म्हणवणाऱ्या अन्नात किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन चालते. सुरीला चिकटलेल्या चुऱ्याला तेवढी मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. आईने आम्हांला एका शब्दानेही दूषण दिले नाही. दिले असते तर बरे वाटले असते.

तेव्हापासून आम्ही पाटी वाचण्याचे सोडले आणि स्वयंपाकघराला प्रश्न विचारू लागलो. कढईतल्या तेलात आधी काय तळले होते? तवा कशाने पुसता? हळूहळू गहू किती वेषांतरे करतो हे कळू लागले. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो, म्हणजे इडली निर्दोष आणि सांबार संशयित! थालीपिठाच्या भाजणीत गहू. चायनीजवाल्याच्या सोया सॉसमध्ये गहू. सर्वांत गंमत वाटली ती नाचणीच्या बिस्किटांची. पुड्यावर नाचणीचे मोठे चित्र आणि मागे बारीक अक्षरांत पहिले नाव मैद्याचे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हापासून शहरातल्या दुकानांत नागलीला भलताच मान आला आहे. आमच्या तालुक्यातून भातसा-तानसाचे पाणी मुंबईला जाते, तशीच नागलीही जाते; पण परत येते ती मैद्याची सोबत घेऊन आणि दसपट दराने. असो.

उत्तर सापडले ते जिथे शोधायचे आमच्या मनातही नव्हते तिथे. दादरमध्ये मराठी उपाहारगृहांची उणीव नाही. शिवाजी पार्कजवळच्या 'प्रकाश'चा साबुदाणावडा तर मुंबईभर प्रसिद्ध आहे. पण आम्ही टेकलो होतो ते एका गल्लीतल्या आठ टेबलांच्या लहानशा जागेत. समोर पाटी होती : उपवासाचे पदार्थ. साबुदाणा खिचडी, साबुदाणावडा, वरीचे तांदूळ व दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू. ती यादी वाचता वाचता लक्षात आले की हिंदू बांधवांच्या उपवासात गहू नाही. हिंगही नाही. गल्ल्यावरच्या वृद्ध गृहस्थांना आम्ही मुलीची हकिगत सांगितली आणि नेहमीचा प्रश्न विचारला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "फादर, उपवासाची कढई वेगळी, झारा वेगळा, तेलही वेगळं. एकादशीच्या गिऱ्हाइकाला फसवलं तर पाप लागेल, आणि गिऱ्हाईक जाईल ते निराळं." मग आत नेऊन त्यांनी आम्हांला ती कढई दाखवली.

पुढच्या खेपेला मुलगी त्या टेबलावर बसली. दोन साबुदाणेवडे आणि नारळाची चटणी. वेटरने पाण्याचा पेला आपटला तेव्हा ती इतकी खूश झाली की जणू तोही पदार्थच. शेजाऱ्यांच्या व्रताचे पावित्र्य आमच्या लेकराचे आतडे सांभाळत होते. आमच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी आपण मांस तेवढे टाळतो आणि बटाटेवड्यावर ताव मारतो. त्या दिवशी आम्हांला त्याची जराशी लाज वाटली.

त्यानंतर वाटा उघडत गेल्या. इराण्याकडे पावाचा विषयच नको, पण कॅरॅमल कस्टर्ड म्हणजे अंडी, दूध आणि साखर. तेही विचारूनच घ्यायचे. सप्टेंबरात बांद्र्याला मोत माउलीच्या जत्रेत गेलो तर पेरूची वडी, शेंगदाण्याची चिक्की, खारे चणे. यांपैकी कोणते दुकान घरी बनवते आणि कोण विकत आणते, हे आता मुलगीच दुकानदाराला विचारते. कडक बुंदके दिसले की मान हलवून पुढे सरकते. गोव्याकडच्या बायका दोदोल करतात, तांदळाचे पीठ, गूळ आणि नारळाचे दूध आटवून. तो तर जणू तिच्यासाठीच जन्माला आला आहे.

परंतु एक टेबल उरले होते, आणि ते हॉटेलातले नव्हते. मुलीच्या पहिल्या कम्युनियनचे वर्ष आले.

आई एका संध्याकाळी बंगल्यावर आली. म्हणाली, "फादर, ऑस्ती तांदळाची का नाही चालत? आपण इथं तांदूळच खातो." या प्रश्नाचे धर्मशास्त्रीय उत्तर आम्हांला पाठ आहे. भाकर केवळ गव्हाची असली पाहिजे, असे कॅननचा ९२४ वा नियम सांगतो. पूर्णपणे ग्लुटेनविरहित ऑस्ती ग्राह्य नाही, हे रोमने २००३ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये स्पष्ट केले. प्रभूने शेवटच्या भोजनात जे हाती घेतले ते आपण बदलू शकत नाही. हे आम्ही तिला सांगितले आणि ते आम्ही मानतोही. तरी सांगताना जीभ जड झाली. मराठी बायबलने त्या अन्नाला 'भाकर' म्हटले, आणि आमच्या तव्यावरच्या भाकरीला तर गव्हाची गरज कधीच नव्हती. प्रभूने पाच हजारांना जेवू घातले त्या भाकरी योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे जवाच्या होत्या. त्याही या मुलीला चालल्या नसत्या.

अमेरिकेत मिझुरी राज्यातील क्लाईड येथील बेनेडिक्टाईन भगिनींनी गव्हाच्या स्टार्चपासून अत्यल्प ग्लुटेनची ऑस्ती तयार केली आहे. ग्लुटेनचे प्रमाण ०.०१ टक्के. बिशपांच्या अनुमतीने ती चालते. आईने कागदावर तो आकडा पाहिला, त्या कॅफेतली सुरी आठवली आणि मान हलवली. मग दुसरा मार्ग उरला : केवळ पेल्यातून, द्राक्षरसाच्या रूपात, ख्रिस्त स्वीकारणे. तो ख्रिस्त अपुरा नसतो, ही आपल्या श्रद्धेची शिकवणच आहे. पण तिथेही खबरदारी हवीच. भाकर मोडल्यावर तिचा एक कण आम्ही पेल्यात सोडतो. तो पेला हिला चालणार नाही. म्हणून तिच्यासाठी वेगळा लहान पेला, त्याचे पुसायचे फडकेही वेगळे. सोहळ्याच्या आदल्या रात्री तो पेला आम्ही स्वतः तीन वेळा धुतला आणि धुताना गल्लीतल्या त्या वृद्धांची कढई डोळ्यांपुढे आली.

सकाळी बाकीची अकरा मुले रांगेत उभी होती, ही बारावी. तिला वेगळी उभी करू नका, असे तिने आम्हांला आधीच बजावले होते. तिची पाळी आली तेव्हा आम्ही ऑस्तीचे पात्र खाली ठेवले, हात धुतले आणि तो लहान पेला उचलला. तिने तो दोन्ही हातांनी धरला. इतर मुले माना वळवून पाहत होती, एकाने शेजाऱ्याच्या कानात विचारलेले आम्हांला ऐकू आले, "हिला जास्त का?"

जेवण चर्चच्या आवारात, मांडवाखाली. आईने ठरवून टाकले होते की त्या दिवशी कोणाच्याच पानात गहू येणार नाही. तांदळाची भाकरी, कोंबडीचा रस्सा, वरीचा भात, दोदोल. आणि मधोमध नागलीचा केक, जो एका बाजूने फुगला होता आणि दुसऱ्या बाजूने बसला होता. वाडीवरून आलेली एक ठाकर म्हातारी त्याचा तुकडा हातात घेऊन बराच वेळ निरखत राहिली. मग तोंडात टाकून म्हणाली, "नागलीच हाय की ही. एवढी कशापायी नटवली?"

मुलीने तिला दुसरा तुकडा वाढला.