हवेवरचा भरवसा

मी स्वभावाने स्प्रिंगच्या पक्षाचा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे. म्हणजे पुढे मी हवेची बाजू घेताना दिसलो, तर वाचकांना मला खुशाल फितूर म्हणता येईल.

गोष्ट सायकलच्या फोर्कची आहे. पुढच्या चाकाला दोन्हीकडून धरणाऱ्या या भागाला आमच्या लहानपणी चिमटा म्हणत. तो एक सरळ, मुकाट, लोखंडी प्राणी होता. वाटेतला प्रत्येक खड्डा तो इमानाने सायकलस्वाराच्या मनगटापर्यंत पोचवी. डोंगरात चालवायच्या सायकलीचा फोर्क तसा नसतो. त्यात नळीत नळी सरकते. आत काहीतरी दबते आणि परत उसळते. हे ‘काहीतरी’ एक तर पोलादी स्प्रिंग असते, नाहीतर कोंडलेली हवा. या दोहोंपैकी काय घ्यावे, या प्रश्नाने गेल्या पावसाळ्यात आमच्या घरची शांतता तीन आठवडे घालवली.

माझी मुलगी अकरावीत आहे. कॉलेज तालुक्याच्या गावी, नऊ किलोमीटरवर. एस. टी. तिच्या तासांच्या वेळेला नाही, म्हणून ती खिंडीतल्या कच्च्या वाटेने सायकलवर जाते. सायकल माझ्या भाच्याची. परगावी नोकरीला जाताना तो ती आमच्याकडे टाकून गेला. आषाढात एके दिवशी तिचा फोर्क उतारावर दबला, तो वर आलाच नाही. आत पाणी जाऊन तो केव्हाच गंजला होता आणि मी कधी उघडून पाहिला नव्हता. पुढच्याच दगडावर चाक आपटले आणि पोरगी हँडलवरून पुढे गेली. मनगट मुरगळले, हनुवटीला तीन टाके पडले.

“अहो, ती सायकल विकून टाका,” सौभाग्यवती म्हणाल्या. “पोरीला माझ्या बहिणीकडे ठेवू. नाहीतर राहू दे कॉलेज वर्षभर.”

मुलगी काहीच बोलली नाही. हनुवटीवरच्या पट्टीवर बोट ठेवून ती सायकलीकडे पाहत राहिली. तिचे ते न बोलणेच मला पुण्याला घेऊन गेले.

तिथल्या एका दुकानात वापरलेले दोन फोर्क आमच्यासमोर आले. दोन्ही आमच्या सायकलीला बसणारे, दोन्ही १२० मिलिमीटर दबणारे, किंमत जवळपास सारखी. एकात स्प्रिंग, दुसऱ्यात हवा. स्प्रिंगचा उचलून पाहिला तर चांगला अर्धा किलो जड. मला ते वजनच आवडले. पोलादावर माणसाचा भरवसा बसतो. स्प्रिंगला पंप लागत नाही, ती रात्रीतून गळत नाही, लांबच्या उतारावरही तिचा स्वभाव बदलत नाही. शिवाय हवा धरून ठेवणारी रबरी कडी त्या फोर्कात नसतात, त्यामुळे घर्षण कमी. बारीकशा खड्यालाही तो चटकन हलतो. मी तिथेच सायकलवर बसून पाहिले. लोण्यावर बसल्यासारखे वाटले.

मी शाळेत मराठी शिकवतो, आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. पण विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेले की त्यांचा तास माझ्याच गळ्यात पडतो. त्यामुळे स्प्रिंगबद्दल हूकने काय सांगितले आणि हवेबद्दल बॉईलने काय, हे मला मुलांच्या एक पाऊल पुढे राहून वाचावे लागले आहे. हूक म्हणतो, जितका भार तितका ताण. दुप्पट भार घाला, स्प्रिंग दुप्पट दबेल. बॉईल म्हणतो, हवेची जागा निम्मी करा, तिचा दाब दुप्पट होईल. म्हणजे स्प्रिंग शेवटपर्यंत एकाच चालीने दबत जाते. हवा आधी नमते घेते आणि शेवटाकडे हट्टाला पेटते. म्हणूनच मोठी उडी मारल्यावर हवेचा फोर्क सहसा तळाला आदळत नाही. (हवा घाईने दाबली तर तापतेही, आणि मग बॉईलचा हिशेब तंतोतंत जुळत नाही, पण ते नववीच्या तासाला सांगायचे नसते.) मौज अशी, की हे दोघे एकाच प्रयोगशाळेतले. हूक हा बॉईलचा मदतनीस. ज्या पंपावर बॉईलने हवेचे प्रयोग केले तो हूकनेच बांधून दिला होता. बॉईलचा नियम १६६२ मध्ये छापला गेला, हूकचा १६७८ मध्ये. आज त्यांची भांडणे सायकलच्या दुकानात चालली आहेत!

दुकानदाराने फोर्कच्या नळीवर एक रबरी कडे सरकवले आणि मला पुन्हा बसवले. माझे वजन ७८ किलो. कडे ३० मिलिमीटरवर थांबले. “एक चतुर्थांश,” तो म्हणाला. “सर, तुम्हाला अगदी मापाचा आहे.”

“आता मी बसते,” मुलगी म्हणाली.

तिचे वजन ४२ किलो. मी मनात त्रैराशिक मांडले : १६ मिलिमीटर. कडे १५ वर थांबले. हूकचा नियम खरा ठरला आणि माझे तोंड उतरले. मला लोण्यासारखा वाटणारा तो फोर्क तिच्याखाली जवळजवळ जुन्या चिमट्यासारखा ताठ उभा होता.

“हिच्या वजनाची स्प्रिंग टाका की,” मी म्हणालो.

“या मॉडेलच्या स्प्रिंगा आता येत नाहीत, सर.”

“वरची चक्री फिरवून ही जरा सैल करता येईल ना?”

“त्याने फोर्क थोडा वरखाली बसेल. स्प्रिंग मऊ होणार नाही.”

मग त्याने हवेचा फोर्क घेतला आणि त्याला एक चिमुकला पंप लावला. आपला नेहमीचा सायकलपंप इथे चालत नाही. इथे हवा थोडीशीच लागते, पण दाब मोठा आणि नेमका हवा. तिच्यासाठी काटा ४५ पौंडांवर, कडे ३० वर. माझ्यासाठी काटा ८० वर, कडे पुन्हा ३० वर. तोच फोर्क, दोन माणसे. सायकल आठवड्यातले सहा दिवस ती चालवते आणि रविवारी मी. आणि मी मात्र रविवारच्या माणसासाठी फोर्क पसंत करून बसलो होतो.

तरी मी शेवटचा बाण सोडला : ही हवेची फॅशन अलीकडची, टिकेल कशावरून? दुकानदार हसला. डोंगरी सायकलींसाठी बाजारात आलेला पहिला नावाजलेला फोर्क १९८९ सालचा, पॉल टर्नर या अमेरिकन माणसाने केलेला. त्यात हवा आणि तेलच होते. मला आठवले, बेलफास्टच्या डनलॉपने १८८८ साली हवेचे टायर केले तेही आपल्या पोराच्या तीनचाकीसाठीच. तो गुरांचा डॉक्टर होता, कारखानदार नव्हता. पोराला धक्के बसतात एवढेच त्याने पाहिले होते.

ज्याचे वजन ठरून गेले आहे, जो एकटाच सायकल चालवतो, दगडधोंड्यांचे लांब उतार ज्याला उतरायचे आहेत आणि चढावर अर्धा किलो ज्याला जड होत नाही, त्याने आजही खुशाल स्प्रिंग घ्यावी; ती त्याला दगा देणार नाही. पण वाढत्या मुलाला स्प्रिंग घेणे म्हणजे वाढत्या पायाला लोखंडी बूट घेणे. आम्ही हवा घरी आणली.

हवेचे लाड मात्र करावे लागतात. चिखल पुसावा लागतो, सुमारे पन्नास तास सायकल चालली की खालच्या नळ्या उघडून तेल बदलावे लागते. स्प्रिंगच्या फोर्कालाही तेल चुकत नाही, पण तो कुरकुरत का होईना, दिवस काढतो. हवा गळाली की सगळेच बसले. माझ्यासारख्या आळशी माणसाच्या हाती ही जोखीम द्यायला सौभाग्यवती तयार नव्हत्या. जुना फोर्क मी कधी उघडला नव्हता, हे त्या विसरल्या नव्हत्या, आणि मीही नाही. त्यांनी पंपच आपल्या ताब्यात घेतला. दर रविवारी संध्याकाळी, माझी फेरी झाली की त्या काटा पाहतात. पंप जोडताना थोडी हवा त्याच्या नळीत जाते आणि काटा जरा कमी दाखवतो, हेही त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात शोधून काढले. कॉलेज वर्षभर राहू देण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी त्यांच्या अक्षरात लिहिले आहे : ‘ती ४५, हे ८०.’ परवा दिवाळीची साफसफाई करताना पाहिले, तर ४५ खोडून तिथे ४८ केलेले होते.

“का गं?” मी विचारले.

“वाढली ना पोरगी,” त्या म्हणाल्या.