सोन्यात मुरूम

दिवाळीला शिरपूरला गेलो, तर मागच्या अंगणातली द्राक्षाची वेल गेलेली. दुसऱ्यांदा. पहिली वाळली तेव्हा रोपवाटिकेला शिव्या घालून मोकळा झालो होतो. या वेळी उपटून पाहिली. मुळं काळी पडलेली, नख लावलं की साल सुटून येत होती. म्हणजे कुजलीच.

आमच्या शिरपूर जैनकडची माती काळी, भारी. कपाशी-सोयाबीनची. बाबा तिला 'सोनं' म्हणायचे. तिच्यात काही खोट असू शकते, हे बोलायची आमच्या घरात सोय नव्हती. पण खरं सांगायचं तर ही माती पावसाळ्यात फुगते, पाणी धरून बसते आणि मुळांना हवाच मिळत नाही. उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात, बारीक मुळं तुटतात. द्राक्षाला पाणी हवं, पण पाय सतत ओले नकोत.

बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच त्यांची कुदळ हातात घेतली. दीड फूट खड्डा खणला, पाण्यानं भरला. जिरल्यावर संध्याकाळी पुन्हा भरला. सकाळी पाहतो तर निम्म्याहून जास्त पाणी तसंच! मग वाळलेल्या ढेकळावर लिंबू पिळलं. फसफसलं. चुनखडी. ती जास्त असली की वेलीला लोह घेता येत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मागच्या वर्षी नेमकं तेच झालं होतं आणि मी आणखी पाणी घालत बसलो होतो.

नाशिक-सांगलीकडचे बागायतदारसुद्धा क्षार आणि पाणीटंचाईला तोंड द्यायला डॉगरिजच्या खुंटावर द्राक्षाची कलमं करतात. जमीन जशी आहे तशी मान्य करूनच ते पुढे जातात. मला मात्र दोन वेली घालवाव्या लागल्या.

आता दोन फूट उंच, खालून मोकळा असा ओटा बांधायचा ठरवलंय. काळी माती, मुरूम आणि कुजलेलं शेणखत सारखं मिसळून भरायचं. फेब्रुवारीत खुंटावरचं कलम लावायचं.

आईला सांगताना जरा चाचरलोच. ती म्हणाली, "तुह्या बाबानं काळ्या मातीत मुरूम टाकू देला नसता."

मी गप्प.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "पन तुळशीच्या वृंदावनात रेती त्याईनंच टाकली होती. पाणी साचते म्हनून."

मला हे माहीतच नव्हतं. असो. मुरूम सांगून ठेवलाय.