वरच्याचे पाणी, खालच्याचा पाइप

उतारावरच्या वसाहतीत पावसाळी गटाराची वर्गणी ठरवायची बैठक असली की सुरुवातीला मी गप्प बसतो. तेवढ्यात दोन्ही बाजू बोलून मोकळ्या होतात. वरच्या गल्लीतले म्हणतात, "आमच्या घरात कधी पाणी शिरलं नाही, मग पैसे कशाचे?" खालचे म्हणतात, "शिरलेलं पाणी कुणाचं, ते आधी सांगा." पुण्याच्या टेकड्यांच्या उतरणीवर गुंठ्या-गुंठ्याने उभ्या राहिलेल्या वस्त्यांत हा संवाद ठरलेलाच. माझे मत खालच्यांच्या बाजूचे आहे.

सर्वांत सोपी वाटणी रस्त्याकडच्या रुंदीवर. टेप धरला की हिशेब झाला. पण कोपऱ्यावरच्या प्लॉटला दोन्ही बाजूंचा भुर्दंड बसतो, आणि मागच्या अंगाला बोळातून वाट असलेला मोठा प्लॉट जवळपास फुकटात सुटतो. क्षेत्रफळावर वाटले तर ही तक्रार मिटते; मात्र बाग राखणारा आणि अंगणभर पेव्हर ब्लॉक घालणारा एकाच मापाने मोजला जातो.

कायद्याचीही एक वाट आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार नगररचना योजनेचा खर्च जमिनीच्या मूल्यवाढीच्या प्रमाणात मालकांकडून घेता येतो. प्रत्येकाचा वाटा त्याच्या मूल्यवाढीच्या निम्म्याहून जास्त नसावा, अशी मर्यादा आहे. शेतांवर नवे नगर आखताना हे रास्तच. बांधून झालेल्या वस्तीत तोच निकष लावला तर? गटार झाल्यावर भाव वाढतो सखल प्लॉटचा, कारण आजवर बुडत होता तोच. म्हणजे ज्याने दर पावसाळ्यात घरातले पाणी उपसले, त्याच्याच माथी मोठा वाटा.

आम्ही पाइपचा आकार बुडणाऱ्या घरांवरून काढत नाही. पावसाचा जोर, क्षेत्रफळ आणि पडलेल्या पाण्यातला किती हिस्सा वाहून निघतो तो गुणांक, या तिघांचा तो गुणाकार असतो. ताशी ५० मिलिमीटर पावसात एक हेक्टर स्लॅब-फरशीवरून, गुणांक ०.९ धरून, सेकंदाला १२५ लिटर पाणी येते. गवत-मातीला ०.३ धरला तर सुमारे ४२. वरच्या टोकाला ३०० मिलिमीटरचा पाइप पुरतो. खाली येईतो तो ९०० चा होऊ शकतो. हा मोठा पाइप खालच्याच्या दारात दिसतो, म्हणून लोकांना वाटते की चैन त्याची. पाणी मात्र साऱ्या गल्ल्यांचे.

यावर वरच्यांचा हुकमी एक्का म्हणजे पाणी उताराने जाणारच, कायदाही तेच सांगतो. खरे आहे. १८८२ च्या ईझमेंट ॲक्टमध्ये वरच्या जमिनीचे पाणी नैसर्गिकपणे खाली वाहू देण्याचा हक्क मान्य केला आहे. पण तो नैसर्गिक वाहण्यापुरता. पेव्हर ब्लॉक काही निसर्गाने बसवलेले नाहीत.

म्हणून मी उघड्या जमिनीवरून जेवढे वाहिले असते तेवढे प्रत्येकाला माफ करतो आणि उरलेल्यावर वाटणी करतो. समजा, पाच-पाच गुंठ्यांचे, म्हणजे सुमारे ५०५ चौरस मीटरचे दोन प्लॉट आहेत. एकात १५० चौरस मीटर बांधकाम, बाकी बाग; दुसरा पूर्ण झाकलेला. एकूण पाणी धरले तर दुसऱ्याचा वाटा पहिल्याच्या दुपटीलाही पोचत नाही. वाढीव पाणीच धरले तर तो तिपटीहून जास्त भरतो. बैठकीत हा आकडा फळ्यावर लिहिला की खुर्च्या सरकतात. झाकलेल्या क्षेत्रावर पैसे घेणे ही माझी टूम नव्हे. अमेरिकेतल्या बेलव्ह्यू शहराने पावसाळी पाण्याचे वेगळे शुल्क १९७४ मध्येच आणले, आणि जर्मनीत ते घरोघरी भरतात.

रस्त्याचे आणि टेकडीवरून येणारे पाणी कोणत्याच प्लॉटचे नाही. तो वाटा नागरी संस्थेने उचलावा, आणि हे आधी लेखी घ्यावे. नाहीतर तो गुपचूप वर्गणीत मिसळतो.

शोषखड्डा केला तर सूट द्या, अशी मागणी हमखास येते. मी खड्डा बघितल्याशिवाय देत नाही. खाली चांगला मुरूम लागला तर पाणी जिरते. चार फुटांवर अखंड काळा पाषाण लागला, तर पहिल्या सरीत भरणारी ती नुसती टाकी. बादलीने पाणी ओतून घड्याळ लावले की खरे-खोटे कळते.

गाळ काढण्याचा खर्च मात्र मी प्लॉटमागे सारखाच ठेवतो. मे महिन्यात चेंबरमधून निघणाऱ्या दुधाच्या पिशव्या, वाळू आणि नारळाच्या शेंड्या कुणाच्या क्षेत्रफळावर मोजायच्या?